रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी ९.४ आलंय, तब्येत ठणठणीत आहे. आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे : वय २७, पुण्यात आयटीत नोकरी. कंपनीच्या वार्षिक तपासणीत व्हिटॅमिन डी ९.४ आलं, शेजारी लाल अक्षरात ‘डेफिशियंट’. हिमोग्लोबिन ११.८, बाकी सगळं ठीक. त्रास असा काही नाही, अधूनमधून दमल्यासारखं होतं आणि केस गळतात. आई म्हणते, सकाळच्या कोवळ्या उन्हात बस. मैत्रीण म्हणते, इंजेक्शन घे म्हणजे एकदाचं संपेल. लंडनला असलेल्या नणंदेचं व्हिटॅमिन डी मात्र ३१ आहे. तिकडे ऊन नाही तरी तिचं जास्त आणि इथे आपण भाजून निघतो तरी माझं कमी, हे कसं? पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे.

तुमच्या प्रश्नात मला आधी खटकला तो ११.८ हा आकडा. तो तुम्ही ‘बाकी सगळं ठीक’च्या रांगेत बसवलात. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. सौम्य असेल, पण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये तो सापडला होता, त्यामुळे आपल्याला त्याची सवयच झाली आहे. दमणं आणि केस गळणं यांचं खापर हल्ली सर्रास व्हिटॅमिन डीवर फुटतं. माझा अनुभव असा, की या वयात त्यामागे बहुतेकदा लोह, थायरॉइड, बी-१२ किंवा रात्री एक वाजेपर्यंत हातात असलेला फोन सापडतो. म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२ करून घ्या. नाहीतर दोन महिने डीच्या गोळ्या घ्याल, आकडा ४० होईल, आणि दमणं होतं तिथेच राहील.

आता ९.४ कडे येऊ. ही कमतरता खरी आहे आणि भरून काढायला हवी. पण हे एकट्या तुमचं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०११ साली २५ ते ३५ वयाच्या अकराशेहून अधिक निरोगी तरुण-तरुणींचं रक्त तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. त्यातले सुमारे ७० टक्के २०च्या खाली होते. कुणी आजारी नव्हतं, सगळे कामाधंद्याचे. त्याआधी २००० साली दिल्लीतल्या निरोगी लोकांवरचा असाच अभ्यास आला होता. त्यात डॉक्टर आणि नर्सेससुद्धा कमतरतेत होते. पातळी त्यातल्या त्यात बरी होती ती उघड्यावर काम करणाऱ्या सैनिकांची.

उत्तर त्या सैनिकांपाशीच आहे. ऊन देशात किती पडतं याला काही अर्थ नाही, कातडीवर किती पडतं ते मोजायचं. तुमचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेआठला स्कूटीवर किंवा कंपनीच्या बसमध्ये. स्कूटी असेल तर डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये, वर सनकोट, हातात कोपरापर्यंत मोजे. (पुण्याच्या सिग्नलला उभ्या असलेल्या मुलींमध्ये सख्खी बहीणसुद्धा ओळखू येत नाही.) मग संध्याकाळी सातपर्यंत काचेच्या इमारतीत. काचेतून उजेड येतो, उकाडा येतो, पण त्वचेत व्हिटॅमिन डी तयार करणारे अतिनील-बी किरण साधी खिडकीची काचसुद्धा जवळजवळ सगळे अडवते. खिडकीजवळचं टेबल मिळालं म्हणून काही फरक पडत नाही. शनिवार-रविवारी मॉल, नाहीतर झोप.

याला मुलींचा दोष म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. धूळ, धूर आणि चाळिशीतलं तापमान यांत उघड्या तोंडाने गाडी चालवून दाखवा, मग बोला. हवेतली धूळ आणि धूर हे किरण वाटेतच खातात, हेही दिसलेलं आहे. दिल्लीत मोरी गेटच्या प्रदूषित भागातली लहान मुलं आणि गुडगावकडच्या त्या मानाने स्वच्छ हवेतली मुलं यांची तुलना २००२ साली प्रसिद्ध झाली. प्रदूषित भागातल्या मुलांची सरासरी दुसऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होती. शिवाय आपल्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन तेच किरण शोषतं. गोऱ्या कातडीसाठी लिहिलेली ‘रोज दहा मिनिटं पुरे’ ही शिफारस आपण जशीच्या तशी उचलली आहे, ती आपल्याला पुरत नाही.

आईचं कोवळं ऊन. इथे मला दरवेळी वाईटपणा घ्यावा लागतो. सकाळी सातचं ऊन अंगाला छान लागतं, चालायला उत्तम, पण सूर्य तिरका असताना हे किरण हवेच्या आणि ओझोनच्या जाड थरातून येतात आणि खाली पोचेपर्यंत जवळपास संपतात. व्हिटॅमिन डी बनतं ते साधारण अकरा ते तीनच्या उन्हात, म्हणजे नेमकं ज्या उन्हात आपण पोरीबाळींना जाऊ देत नाही. घड्याळही नको, सावली बघा : तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर त्या उन्हात काम होतं. पुण्यात डिसेंबरातही भर दुपारी सावली उंचीपेक्षा आखूडच असते, म्हणजे स्वच्छ आभाळ असेल तर वर्षभर सोय आहे. जून ते सप्टेंबरचे ढग तेवढे आडवे येतात.

मग काय, दुपारी टॅन होत बसायचं? वांग असलेल्या मुली हे ऐकून हादरतात, आणि त्यांच्या त्वचारोगतज्ज्ञांनी सनस्क्रीन लावायला सांगितलेलं असतं ते योग्यच आहे. माझा तोडगा सोपा आहे : चेहरा झाका, हातपाय उघडे ठेवा. चेहरा म्हणजे शरीराच्या कातडीचा किती लहानसा भाग, आणि सगळी काळजी मात्र त्याचीच. स्कार्फ, सनस्क्रीन सगळं चेहऱ्यावर राहू दे. जेवणाच्या सुट्टीत बाह्या दंडापर्यंत सारून, शक्य असेल तर पोटऱ्या उघड्या ठेवून, वीस-तीस मिनिटं आवारात चाला. आठवड्यातून तीन-चार दिवस. एप्रिल-मेमध्ये वेळ निम्मा करा, कातडी लाल व्हायच्या आत सावलीत या. जास्त बसून जास्त मिळत नाही. ठरावीक मर्यादेनंतर तयार झालेला माल त्याच उन्हाने निरुपयोगी पदार्थांत मोडतो, म्हणून उन्हाने कुणाला व्हिटॅमिन डीची विषबाधा होत नाही. गोळ्यांनी होते; त्याकडे येतेच.

जेवणातून भागेल का, हे शाकाहारी घरांत हमखास विचारतात. प्रामाणिक उत्तर, नाही. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी रोजची गरज ६०० युनिट धरली. एका अंड्याच्या पिवळ्या बलकात साधारण ४० युनिट. बांगडा, तारली असे तेलकट मासे खाणाऱ्यांना थोडं बरं मिळतं, पण ते रोज ताटात नसतात. दुधाच्या पिशवीवर ‘प्लस एफ’ची खूण असेल तर लिटरला २०० ते ३०० युनिट घातलेले असतात. अर्धा लिटर प्यायलात तरी शंभर-दीडशे. तूप, पालेभाज्या, फळं, सुकामेवा यांत मोजण्यासारखं काही नाही. म्हणजे ऊन किंवा गोळी, तिसरा खात्रीचा रस्ता नाही.

ही गोष्ट नवी नाही. १९२२ साली हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी मुंबई इलाख्यातल्या मुडदूसावर, म्हणजे हाडं मऊ पडण्याच्या आजारावर, लिहिलं होतं. त्यांना तो सापडला खात्यापित्या, पडदा पाळणाऱ्या घरांतल्या मुलाबाळांमध्ये आणि बायकांमध्ये. उघड्यावर वावरणाऱ्या गरिबांची पोरं खाण्यात मागे असूनही त्यातून वाचलेली होती. शंभर वर्षांत पडद्याच्या जागी काच आली, एवढंच.

आता आकड्याचा अर्थ. तुमच्या रिपोर्टवर ‘३०च्या खाली अपुरे’ असं छापलेलं असेल. ही रेघ २०११ साली अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने, ओढली होती. त्याच सुमारास तिथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सांगितलं, की हाडांसाठी २० जवळपास सगळ्यांना पुरतात आणि खरा धोका १२च्या खाली सुरू होतो. २०२४ मध्ये एंडोक्राइन सोसायटीने स्वतःच ३०चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नका असंही म्हटलं. पण लॅबच्या छापील कागदावर ३० अजून तसाच आहे. २४ आलं म्हणून घाबरून आलेल्या मुलींना मी काहीही न देता परत पाठवते आणि त्यातल्या निम्म्या दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन गोळ्या लिहून आणतात. असो. तुमचं ९.४ मात्र कुठल्याही रेघेने कमीच आहे.

कमी म्हणजे आजार का? दोन बायका सांगते. एक तुमच्यासारखीच, पातळी ८, ट्रेक करणारी, तपासण्या स्वच्छ, अंगात काही नाही. दुसरी जुन्या पेठेतल्या अंधाऱ्या दोन खोल्यांत लग्न होऊन आलेली, वय २३. वर्षभर कंबरदुखी म्हणून मलमं, पट्टे, मणक्याचा एमआरआय सगळं झालेलं. माझ्याकडे आली तेव्हा दारातून टेबलापर्यंत येतानाची चाल बदकासारखी होती. तिला जमिनीवर मांडी घालून बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. उठता येईना. नडगीवर अंगठ्याने दाबलं तर कळवळली. पातळी ४, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांच्या आजारात वाढणारं रक्तातलं एन्झाइम) नॉर्मलच्या कितीतरी पट, फॉस्फरस कमी. हा ऑस्टिओमलेशिया, म्हणजे मोठ्यांचा मुडदूस : हाडाचा सांगाडा घडतो, पण त्यात खनिज भरत नाही. उपचारानंतर काही महिन्यांत ती आधाराशिवाय जिना चढू लागली. पातळी ८ आणि ४, फरक कागदावर किती? म्हणून मी आकड्याबरोबर माणूस बघते. तुम्हीही घरी करून बघा : जमिनीवरून हात न टेकता उठता येतं का, जिना चढताना मांड्या भरून येतात का, नडगी दाबल्यावर दुखते का. यातलं काही असेल तर हे उत्तर बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना भेटा.

काही नसेल तरी गोळी सुरू करायच्या आधी कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) एकदा बघावं. कारण क्वचित एखादीचं कॅल्शियम आधीच वाढलेलं निघतं. पॅराथायरॉइड या मानेतल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथीची गाठ, कधी क्षयासारखा आजार मागे असतो, आणि तिला डी देणं म्हणजे आगीत तेल. किडनी स्टोनचा इतिहास असेल, फिटच्या किंवा क्षयाच्या गोळ्या चालू असतील, तर तेही आधी सांगा. फिटच्या काही गोळ्या आणि क्षयावरचं रिफाम्पिसिन व्हिटॅमिन डी लवकर मोडतात, त्यामुळे हिशोब बदलतो. वजन बरंच जास्त असेल तर डोस दुप्पट-तिप्पट लागू शकतो, कारण हे जीवनसत्त्व चरबीत जाऊन बसतं.

उपचार आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे : ६० हजार युनिटची गोळी किंवा पावडरीचं पाकीट, आठवड्यातून एक, आठ आठवडे. तुमच्या डॉक्टरांनी तपासून हेच दिलं तर बिनधास्त घ्या. उपाशीपोटी नको, ज्या जेवणात तूप-तेल असतं त्यानंतर घ्या, शोषलं जातं. फोनवर रविवारचा गजर लावा. हे मी थट्टेने सांगत नाही. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ लिहिलेलं असताना एका बाईंनी ती गोळी जवळपास दोन महिने रोज घेतली. उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान, सारखी लघवी, शेवटी बोलण्यात असंबद्धपणा आला म्हणून दाखल केलं. कॅल्शियम भयंकर वाढलेलं, मूत्रपिंडाला मार बसलेला. बऱ्या झाल्या, पण वेळ लागला. ‘व्हिटॅमिनच तर आहे’ या वाक्याची मला तेव्हापासून भीती वाटते.

मैत्रीण म्हणते ते सहा लाख युनिटचं इंजेक्शन मी तुमच्यासारखीला देत नाही. ज्यांच्या आतड्यातून शोषण होत नाही त्यांच्यासाठी ते ठीक. तुमचं पोट चांगलं आहे, तर एवढा मोठा ढीग एकदम कशाला? ऑस्ट्रेलियात वयस्क बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट तोंडावाटे देऊन पाहिले. २०१०च्या त्या अहवालात त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं कमी व्हायचं सोडून वाढलेलं निघालं. त्या म्हाताऱ्या होत्या, तुम्ही तरुण आहात, पण एकदम डोंगर देण्याची हौस माझी तरी तेव्हापासून गेली.

आणि ‘एकदाचं संपेल’ हे तर होतच नाही. दिल्लीत कमतरता असलेल्या निरोगी लोकांना हाच आठ आठवड्यांचा कोर्स देऊन वर्षभर पाहिलं, तो अभ्यास २००८ साली आला. दोन महिन्यांत पातळी झकास वर गेली आणि वर्षाच्या शेवटी मंडळी परत कमतरतेत. जाणारच. ऑफिस तेच, काच तीच, स्कार्फ तोच. मी दरवर्षी त्याच मुली तोच कोर्स तिसऱ्यांदा, चौथ्यांदा घेताना बघते. प्रत्येक वेळी त्यांना वाटतं की गोळी खोटी होती. गोळी खरी असते, तिच्यानंतर काय हे कुणी सांगितलेलं नसतं. कोर्स संपला की रोज १००० ते २००० युनिट, किंवा रोजचं लक्षात राहत नसेल तर महिन्यातून एकदा ६० हजार. हिशोब रोजच्या २००० चाच होतो. जोवर दिवस असाच काचेआड जातोय तोवर हे चालू. दुपारचं चालणं खरंच जमलं, तर पुढे कमी करता येतं. स्वतःच्या मनाने रोज ४००० च्या वर जायचं नाही.

याच्या जोडीला कॅल्शियम हवं. हा भाग सगळे विसरतात. खाण्यात कॅल्शियम कमी पडलं की शरीर डीचा साठा भराभर खर्च करतं, म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरण्यासारखं. दिवसाला १००० मिलिग्रॅम धरा. दोन वाट्या दही किंवा दोन कप दूध, एखादी नाचणीची भाकरी (१०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम असतं), वरून तिळाची चटणी, एवढं रोज झालं तर बहुतेकींना कॅल्शियमची गोळी लागत नाही. ऑफिसच्या डब्यात पोळी-भाजी आणि दिवसभर चार कप चहा, एवढ्यावर मात्र ते होत नाही.

बाळाचा विचार आहे हे फार बरं झालं सांगितलंत, कारण तुमच्या वयात डीची काळजी करायची माझ्या मते दोनच ठोस कारणं आहेत. एक, तिशीपर्यंत हाडांची जी काही ठेव जमते ती जमते, पुढे ती मोडून खायची असते. दुसरं, बाळ जन्मताना व्हिटॅमिन डीचा साठा आईकडून घेऊन येतं. आईकडेच नसेल तर ते रिकाम्या हाताने येतं, आणि त्यातल्या काही बाळांना पहिल्या आठवड्यांत कॅल्शियम उतरून झटके येतात. बाकी हृदयरोग, कर्करोग वगैरे टाळण्यासाठी डी घ्या म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. अमेरिकेत जवळपास २६ हजार लोकांना काही वर्षं रोज २००० युनिट किंवा औषध नसलेली नुसती गोळी देऊन पाहिलं, हृदयरोग आणि कर्करोग या दोन्हींत फरक पडला नाही. कोर्स आत्ता पूर्ण करा, रोजचा डोस चालू ठेवा, आणि दिवस राहिले की पहिल्याच भेटीत स्त्रीरोगतज्ज्ञांना काय घेताय ते सांगा, म्हणजे प्रसूतिपूर्व गोळ्यांतलं मोजून हिशोब लावता येईल. बाळ झाल्यावर त्याला वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब लागतील. आईच्या दुधातून हे एक जीवनसत्त्व पुरेसं जात नाही. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे वाक्य सासरी-माहेरी दोन्हीकडे ऐकायची तयारी ठेवा.

शुद्ध शाकाहारी असाल तर एक माहीत असू द्या : बाजारातलं बहुतेक डी-३ मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून बनतं आणि मऊ कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं. चालत नसेल तर दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलं डी-३ मिळतं, ते मागा.

फेरतपासणी तीन महिन्यांनी, ‘२५ हायड्रॉक्सी’ लिहिलेलीच. ‘१, २५’ नावाची दुसरी महागडी तपासणी असते, ती कमतरतेतही नॉर्मल येते आणि गोंधळ घालते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा. काही मशीनवर बायोटिनमुळे डी खोटंच जास्त दिसतं. आणि १८चं २१ झालं म्हणून आनंद नको, २१चं १८ झालं म्हणून दुःख नको. तेवढा फरक लॅबच्या चुकीच्या हद्दीतला आहे.

राहिली तुमची नणंद. लंडनमध्ये डिसेंबरात भर दुपारी माणसाची सावली उंचीच्या साडेतीनपटीहून लांब पडते. ऑक्टोबर ते मार्च तिथल्या उन्हातून व्हिटॅमिन डी जवळपास बनतच नाही, म्हणून त्या सहा महिन्यांत सगळ्यांनी रोज ४०० युनिट घ्यावेत असं तिथलं सरकार सांगतं, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर विचार करावा असंही. मग तिचं ३१ कसं? तिच्या रिपोर्टवर आकड्यापुढचं एकक वाचायला सांगा. तिकडे नॅनोमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, आपण नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. अडीचने भागायचं. तिचे ३१ म्हणजे आपल्या हिशोबाने १२.४. तिला आजच फोन करा.